घटक ४ : स्थिर कॅमेऱ्याचे रसग्रहण – फाळके, ओझू आणि मिझोगुची

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर चित्रपटातील एखाद्या दृश्यात कॅमेरा कोठे, किती उंचीवर आणि किती वेळ उभा आहे हे तुम्हाला नेमक्या शब्दांत सांगता येईल. ‘स्थिर कॅमेरा’ या एकाच वर्णनाखाली येणाऱ्या निरनिराळ्या कलादृष्टींतील फरक ओळखता येईल. तसेच दादासाहेब फाळके यांचे मूकपट आणि अभिजात जपानी चित्रपट यांविषयी लिहिताना उसन्या विशेषणांऐवजी स्वतःच्या निरीक्षणाचा आधार घेता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी साहित्याच्या अभ्यासकाला चित्रपटाचे कथानक, पात्रचित्रण आणि संवाद यांविषयी लिहिणे अवघड जात नाही. कादंबरी आणि नाटक यांच्या अभ्यासातून ती सवय झालेली असते. अडचण येते ती कॅमेऱ्याविषयी लिहिताना. चार पाने भरून लिहिलेल्या रसग्रहणात कॅमेऱ्याच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते : ‘छायाचित्रण अप्रतिम आहे.’ हे वाक्य चूक नसते, पण ते कोणत्याही चित्रपटाला लावता येते आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही. कवितेविषयी ‘शब्दरचना सुंदर आहे’ एवढेच लिहून थांबणाऱ्याला आपण जो प्रश्न विचारू, तोच येथेही विचारावा लागतो : कोणते शब्द, कोठे, आणि त्यांनी काय साधले?

या घटकात आपण एका विशिष्ट पेचापासून आरंभ करणार आहोत. चित्रपटाविषयीच्या मराठी लेखनात दोन विधाने वारंवार आढळतात. पहिले असे, की फाळक्यांचा कॅमेरा एका जागी खिळलेला होता, त्यामुळे त्यांचे मूकपट म्हणजे नाटकाचे चित्रण होय. दुसरे असे, की जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा कॅमेरा एका जागी स्थिर असतो, त्यामुळे त्यांचे चित्रपट चिंतनशील वाटतात. ही दोन्ही विधाने एकाच उत्तरपत्रिकेत, क्वचित एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसलेली असतात. कॅमेरा हलत नाही ही एकच गोष्ट. ती त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत उणीव ठरते आणि टोकियोत जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत गुण ठरते. हा केवळ पक्षपात आहे, की दोन स्थिरतांमध्ये खरोखरच काही फरक आहे? तसा तो असेल, तर दृश्याकडे बोट दाखवून तो सिद्ध करता आला पाहिजे.

४.३ निरीक्षणासाठी काही शब्द

चित्रपट पाहताना कॅमेऱ्याविषयी स्वतःला काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. माणूस किती अंतरावरून दिसतो – नखशिखांत, कमरेपासून वर, की केवळ चेहरा? कॅमेरा कोणत्या उंचीवर आहे – उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या, पाटावर बसलेल्याच्या, की त्याहूनही खाली? एक चित्रचौकट, म्हणजेच एक शॉट, किती वेळ टिकतो? आणि चौकटीबाहेर काय आहे याची जाणीव आपल्याला करून दिली जाते का? पात्र बाहेर गेल्यावर कॅमेरा त्याच्यामागे जातो, की रिकाम्या जागेकडे पाहत राहतो?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील विवेचन मुख्यतः त्याच्याच आधाराने केले आहे.

दोन व्यावहारिक सूचना येथेच देणे इष्ट. परभाषिक चित्रपट पाहताना आपली दृष्टी पडद्याच्या तळाशी असलेल्या उपशीर्षकांवर खिळून राहते आणि चौकट निसटते. म्हणून अभ्यासासाठी निवडलेले दृश्य दुसऱ्यांदा आवाज बंद करून आणि उपशीर्षके न वाचता पाहावे. दुसरी सूचना मूकपटांविषयी. मूकपटांचे चित्रण हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर होत असे आणि त्याचा वेग पुढील बोलपटांपेक्षा सामान्यतः कमी असे. असा पट आजच्या वेगाने दाखविला की माणसे तुरुतुरु धावताना दिसतात आणि आपल्याला हसू येते. ते हसू फाळक्यांच्या कलेवर नसून चुकीच्या वेगावर असते, हे ध्यानात ठेवावे.

४.४ फाळके : चौकटीत प्रकट होणे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. चित्रकला, छायाचित्रण आणि शिलामुद्रण या कला त्यांनी हाताळल्या होत्या. जादूचे प्रयोगही त्यांनी केले होते. 1912 साली ते लंडनला गेले आणि तेथून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड व काम नाशिकला हलविले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ आणि 1918 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचे ‘श्रीकृष्ण जन्म’ व ‘कालिया मर्दन’ हे पट त्यानंतरचे. 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले, तेही नाशिक येथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले त्यांचे स्मारक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

चरित्राचे हे तपशील परीक्षेपुरते पाठ करण्यासारखे आहेतच. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांतील एकाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी फाळक्यांनी एक लहानसा पट तयार केला होता. त्याचा विषय होता वाटाण्याच्या रोपाची वाढ. कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा ठेवून त्यांनी दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते सलग दाखविताच पाहता पाहता मातीतून अंकुर फुटला आणि वेल वाढू लागला. कॅमेरा एका जागी राहिला म्हणूनच हे शक्य झाले. तो रोज थोडा जरी सरकला असता, तर प्रेक्षकाला रोपाची वाढ दिसण्याऐवजी कॅमेऱ्याची हालचालच दिसली असती. ज्या कामाने फाळक्यांनी आपल्या नव्या कलेची सिद्धता दाखविली, त्या कामाचा प्राण स्थिर चौकट हा होता. जेथे काही नव्हते तेथे काहीतरी प्रकट झाले, ही त्या चौकटीतली घटना होय.

आता त्यांच्या पौराणिक पटांकडे पाहू. ‘श्रीकृष्ण जन्म’च्या उपलब्ध भागात कंसाला भयाने पछाडल्याचे दृश्य आहे : त्याचे शिर धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा येऊन बसते. फाळक्यांच्या पटांतील असे चमत्कार दोन मुख्य युक्तींवर उभे असतात. पहिलीत कॅमेरा मध्येच थांबवायचा, पात्र बदलायचे किंवा दूर करायचे आणि पुन्हा चित्रण सुरू करायचे. दुसरीत एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचे. पहिल्या वेळी जो भाग काळा राखला, त्यात दुसऱ्या वेळी दुसरी आकृती उमटते. दोन्ही युक्तींची अट एकच आहे. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. तो हलला, की मागची भिंत थरथरते आणि देवाचा चमत्कार हातचलाखी म्हणून उघडा पडतो.

म्हणजे ज्याला आपण ‘नाटकी’ म्हणतो ती स्थिरता नाटकात नसलेल्या गोष्टीसाठी आवश्यक होती. नाट्यगृहातील प्रेक्षकही एकाच जागी बसून पाहतो हे खरे. परंतु रंगमंचावरील नटाला डोळ्यांदेखत नाहीसे करता येत नाही. त्यासाठी अंधार करावा लागतो, पडदा पाडावा लागतो. फाळक्यांच्या चौकटीत भर उजेडात देव प्रकट होतो. ‘स्थिर, म्हणून नाटकी’ हे समीकरण म्हणूनच टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. फाळक्यांची पात्रे बहुधा आपल्याकडे तोंड करून उभी असतात. यालाही नाटकाचा प्रभाव म्हटले जाते आणि तो काही अंशी आहेच. तथापि समोरासमोर पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला केवळ नाटकाने लावलेली नव्हती. गाभाऱ्यातील मूर्ती समोरून पाहायची असते. घरोघरी भिंतीवर आलेली रविवर्म्यांची देवादिकांची छापील चित्रेही पाहणाऱ्याला सामोरी येतात. दर्शन या शब्दात पाहणे आहे, तसे पाहिले जाणेही आहे. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये नदीतून कालियाच्या मस्तकावर उभा असलेला कृष्ण वर येतो तेव्हा काठावरचे भक्त आणि चित्रपटगृहातील आपण यांच्यात फारसे अंतर उरत नाही.

‘कालिया मर्दन’चा आरंभ या दृष्टीने अवश्य पाहावा. कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. कथा सुरू होण्यापूर्वी ही बालिका आपल्याला जवळून दाखविली जाते. ती एकामागून एक भाव मुद्रेवर आणते आणि मग कृष्णाच्या रूपात आपल्यापुढे येते. फाळके येथे दुहेरी खेळ खेळतात. ‘ही एक मुलगी आहे, तिचे कसब पाहा’ असे ते आधी सांगतात आणि लगेच ‘हा आता कृष्ण आहे’ असे म्हणतात. युक्ती उघड करूनही प्रेक्षकाची श्रद्धा ढळत नाही, हा विश्वास त्यामागे आहे. जादूगाराने बाही वर करून रिकामा हात दाखवावा आणि त्यानंतरच नाणे काढावे, तसा हा प्रकार.

याच पटात पुढे डोहातील कृष्ण-कालियाचे द्वंद्व आणि काठावर व्याकुळ झालेले गोकुळवासी यांची दृश्ये आलटून पालटून येतात. पाण्याखाली काय चालले आहे ते आपण जाणतो, काठावरचे लोक जाणत नाहीत. हा ताण एका चौकटीत मावणारा नाही. तो दोन चौकटींच्या जोडणीतून निर्माण होतो. तेव्हा फाळक्यांना संकलनाची शक्ती ठाऊक नव्हती, हेही म्हणता येत नाही.

येथे समतोल राखला पाहिजे. फाळक्यांच्या पटांत अशीही अनेक दृश्ये आहेत, जेथे पात्रे नखशिखांत एका ओळीत उभी राहतात, कडेने येतात, कडेने जातात आणि कॅमेऱ्याच्या स्थिरतेतून काहीही निष्पन्न होत नाही. 1914 च्या ‘कॅबिरिया’ या इटालियन पटात कॅमेरा दृश्यात संथपणे सरकू लागला होता आणि अमेरिकेत ग्रिफिथ यांनी दृश्यांच्या जोडणीला वेगळीच गती दिली होती. त्यांच्या तुलनेत फाळक्यांची काही दृश्ये सपाट वाटतात, हे मान्य करण्यात त्यांचा अधिक्षेप नाही. शिवाय त्यांच्या बहुसंख्य मूकपटांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’ही अपुराच उरला आहे आणि उरलेला भाग मूळ पटाचा, की फाळक्यांनीच पुढे केलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तुकड्यांवरून संपूर्ण कलावंताविषयी निकाल देताना लेखणी थोडी आवरलेली बरी.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : ‘फाळक्यांचे मूकपट म्हणजे नाटकाचे चित्रण होय’ या विधानाची, कोणत्याही एका चमत्कारदृश्याच्या आधारे, सुमारे 150 शब्दांत चिकित्सा करा.

४.५ वाटेवरचा एक टप्पा

फाळक्यांकडून थेट जपानकडे जाण्यापूर्वी प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा (1936) उल्लेख करावयास हवा. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या बोलपटाच्या आरंभी विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम अभंगात तल्लीन झालेला दिसतो आणि आपण त्याच्याकडे निवांतपणे पाहत राहतो. मग तोच अभंग सालोमालो देवळात स्वतःचा म्हणून गाऊ लागतो. पहिल्या चौकटीतील शांतपणा आपल्या मनात मुरलेला असल्यामुळे दुसऱ्या दृश्यातील लबाडी कोणी न सांगता कळते. प्रेक्षकाला सामोरे ठेवण्याची फाळक्यांची रीत येथे चमत्कारापासून सुटून माणसाच्या खरेपणाची कसोटी झाली आहे. याच चित्रपटात चमत्कारही आहेत. परंतु लक्षात राहतो तो तुकारामाचा चेहरा आणि जिजाईचा संसार.

४.६ ओझू : चौकटीतून नाहीसे होणे

यासुजिरो ओझू (1903–1963) यांनी आपले जवळजवळ सर्व आयुष्य शोचिकू या चित्रसंस्थेत काढले. त्यांच्याविषयी लिहिणारे विद्यार्थी एक गोष्ट विसरतात. ओझू यांचा कॅमेरा आरंभापासून स्थिर नव्हता. त्यांच्या 1932 च्या ‘आय वॉज बॉर्न, बट...’ या मूकपटात तो मुलांबरोबर आणि माणसांबरोबर चांगलाच सरकतो. पुढे वर्षानुवर्षे त्यांनी एकेक साधन कमी करीत नेले. 1958 पासूनच्या रंगीत चित्रपटांत कॅमेरा हलतच नाही. फाळक्यांची स्थिरता साधनांच्या मर्यादेतून आणि चमत्काराच्या गरजेतून आली. ओझू यांची स्थिरता हाताशी सर्व साधने असताना केलेल्या त्यागातून आली. हा फरक कालक्रमाचा आहे, तसाच वृत्तीचाही आहे. मात्र एवढ्यावर थांबून ‘ओझू श्रेष्ठ’ असे म्हणणे पुरेसे नाही. त्या त्यागातून काय मिळाले, हे पाहिले पाहिजे.

त्यासाठी ‘टोकियो स्टोरी’ (1953) घेऊ. छायालेखक युहारु आत्सुता. कथा दोन वाक्यांत सांगता येते. ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातून वृद्ध दांपत्य, शुकिची आणि तोमी, टोकियोतील मुलांकडे येते. मुले आपापल्या व्यापात असतात, आपुलकी दाखविते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. म्हातारी परतल्यावर आजारी पडून मरण पावते. मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. नाशिकहून मुंबईला मुलाकडे चार दिवस राहायला गेलेल्या आईवडिलांची ती सहज होऊ शकेल. म्हणूनच या चित्रपटाचा अभ्यास कथेवरून घसरून भावनेत बुडण्याचा धोका असतो. आपण कॅमेऱ्याकडे पाहू.

पहिली बाब उंचीची. कॅमेरा जमिनीपासून फार थोड्या उंचीवर आहे. त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की ही चटईवर बसलेल्या जपानी माणसाची नजर होय. पंगतीला, माजघरात किंवा ओटीवर मांडी घालून बसलेल्या आपल्यासारख्यांना हे लगेच पटते. तरीही ते अर्धेच खरे आहे. ओझू यांचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांहूनही खाली असतो आणि जेथे कोणी जमिनीवर बसत नाही अशा कचेरीत व रस्त्यावरही तो तसाच राहतो. तेव्हा ती कोणा पात्राची नजर नव्हे. ती एक ठरविलेली बैठक आहे. या उंचीवरून भूमी फारशी दिसत नाही, माणसे पुढे येतात आणि खोलीच्या चौकटी, दारे, सरकते पडदे एकामागे एक उभे राहतात. घर हेच एक पात्र होते.

दुसरी बाब चेहऱ्यांची. दोन माणसे बोलत असताना प्रचलित रीतीनुसार कॅमेरा त्यांच्या बाजूने, खांद्यावरून पाहतो. ओझू यांची पात्रे जवळजवळ सरळ आपल्याकडे पाहत बोलतात. येथे फाळक्यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. परंतु मंदाकिनीचा कृष्ण आपल्याकडे पाहतो तेव्हा आपण भक्त असतो. नोरिको आपल्याकडे पाहते तेव्हा आपण तिच्यासमोर बसून ऐकणारा माणूस होतो. शेवटी शुकिची सुनेला पत्नीचे घड्याळ देतो आणि पुनर्विवाहाचा आग्रह धरतो. तो संवाद आपण आळीपाळीने दोघांच्याही जागी बसून ऐकतो. कॅमेरा समोरून पाहतो हे दोघांतही सारखे. पण एका ठिकाणी दर्शन आहे आणि दुसऱ्या ठिकाणी संभाषण.

तिसरी बाब हीच आपल्या पेचाचे उत्तर होय. चित्रपटाच्या आरंभी ओनोमिचीच्या घरात म्हातारा-म्हातारी शेजारी बसून प्रवासाची तयारी करतात. खिडकीतून शेजारीण डोकावते, चार शब्द बोलते. शेवटी तीच खोली, तीच खिडकी, तीच शेजारीण. म्हातारा त्याच जागी बसला आहे. शेजारची जागा रिकामी आहे. कोणी काही दाखवून देत नाही. कॅमेरा त्या रिकाम्या जागेवर जाऊन टेकत नाही, दुःखाचा चेहरा जवळून दाखवीत नाही. तशीच चौकट आपण पूर्वी पाहिलेली असते, म्हणून ती भरून नाही हे आपले आपल्याला दिसते. आरंभी कॅमेरा हिंडता असता, तर शेवटी कोणती जागा रिकामी झाली हे आपल्याला कळलेच नसते.

वाटाण्याच्या कुंडीसमोर उभा असलेला कॅमेरा आणि ओनोमिचीच्या खोलीतील कॅमेरा यांचे नाते येथे दिसते. दोघेही एक जागा राखून ठेवतात. एकाने ती काहीतरी प्रकट व्हावे म्हणून राखली, दुसऱ्याने कोणीतरी नाहीसे झाल्याचे कळावे म्हणून. याचा अर्थ फाळके हे ओझू यांचे पूर्वसूरी होते असा मुळीच नव्हे. असे गौरवपर दावे करण्याचा मोह टाळावा; त्यांनी फाळक्यांचे काही वाढत नाही आणि आपली विश्वासार्हता मात्र घटते.

‘टोकियो स्टोरी’त कॅमेरा हलतो तो अगदी मोजक्या वेळा. मुलीच्या घरातून जवळजवळ बाहेर पडावे लागलेले हे दांपत्य उएनो भागात येते, तेव्हा कॅमेरा एका भिंतीच्या कडेने हळूहळू सरकतो आणि बसलेल्या त्या दोघांपाशी पोचतो. रात्री कोठे राहायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. एवढ्या मोठ्या शहरात चुकामूक झाली तर पुन्हा गाठ पडायची नाही, अशा अर्थाचे म्हातारी येथेच बोलते. ज्यांना बसायला हक्काची जागा उरली नाही, त्यांच्यासाठी कॅमेऱ्यानेही आपली बैठक सोडली आहे, असे या हालचालीचे वाचन करता येईल. ते मान्य करावे असा आग्रह नाही. तुमचे वाचन निराळे असेल तर ते मांडा, पण दृश्याच्या आधारे मांडा.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : ‘ओझू यांचा कॅमेरा म्हणजे चटईवर बसलेल्या माणसाची नजर’ हे स्पष्टीकरण कोठे अपुरे पडते? उत्तर सुमारे 100 शब्दांत लिहा.

४.७ मिझोगुची आणि मियागावा : न थांबता घडणारा चमत्कार

सर्व अभिजात जपानी चित्रपट स्थिर कॅमेऱ्याचे असतात, असा समज वरील विवेचनातून होऊ नये. अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’तील (1954) पावसातली अखेरची लढाई एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी, दूरच्या वस्तू जवळ आणणाऱ्या भिंगांतून टिपलेली आहे, चिखल, घोडे आणि माणसे एकमेकांत मिसळून जातात. त्यांच्या ‘राशोमोन’मध्ये (1950) छायालेखक काझुओ मियागावा यांनी पानांआडच्या सूर्यावर सरळ कॅमेरा रोखला. त्या चित्रपटाची चर्चा सत्य आणि साक्ष यांच्या अंगाने पुष्कळ झालेली असल्याने येथे तिचा विस्तार करीत नाही. आपल्या विषयाला अधिक उपयुक्त आहे ते मियागावा यांनीच केन्जी मिझोगुची (1898–1956) यांच्या ‘उगेत्सु’साठी (1953) केलेले एक दृश्य.

यादवीच्या काळात गेंजुरो नावाचा कुंभार घर सोडून धनाच्या आणि एका मायावी स्त्रीच्या मोहात भटकतो आणि अखेर भानावर येऊन परततो. रात्र आहे. तो पत्नी मियागीला हाका मारीत घरात शिरतो. घर ओसाड आहे, चूल थंड आहे. तो मागच्या दाराने बाहेर जातो आणि घराला वळसा घालतो. कॅमेरा आतच राहून वळत त्याचा मागोवा घेतो. तो पुन्हा पुढच्या दारापाशी येतो तेव्हा आत चूल पेटलेली आहे आणि मियागी स्वयंपाक करीत बसली आहे. तो आनंदाने जेवतो, मुलाशेजारी झोपतो. सकाळी कळते, की मियागी सैनिकांच्या हातून केव्हाच मारली गेली आहे.

या दृश्यात कट नाही. कॅमेरा थांबविलेला नाही, एकाच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण केलेले नाही, काहीही विरघळून दुसरे झालेले नाही. ज्या कोपऱ्यावरून क्षणापूर्वी कॅमेरा वळला, त्याच कोपऱ्याकडे तो परत आला आणि तेथे मृत पत्नी बसली आहे. मधल्या काही क्षणांत, चौकटीबाहेर, अभिनेत्री किनुयो तानाका जागेवर येऊन बसली आणि चूल पेटली. युक्ती म्हणाल तर इतकी साधी, की नाशिकच्या आवारात फाळक्यांनाही ती करता आली असती. पण त्यांनी चमत्कारासाठी कॅमेरा खिळवून ठेवला आणि मधूनच थांबविला. मियागावा यांनी कॅमेरा वळविला आणि थांबविला मात्र नाही. फाळक्यांच्या प्रेक्षकाला ‘हे कसे केले?’ असे आश्चर्य वाटते आणि वाटावे अशीच इच्छा असते. ‘उगेत्सु’च्या प्रेक्षकाला काही घडले हेच प्रथम उमगत नाही, गेंजुरोप्रमाणे तोही क्षणभर फसतो, सुखावतो. आपण चौकटीबाहेर काय चालले असेल याचा विचार केला नव्हता, ही आपली गाफिली दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुंभाराच्या दुःखात मिसळते.

४.८ लेखनासाठी मार्गदर्शन

पुढील दोन उतारे वाचा. पहिला : ‘ओझू यांचे छायाचित्रण अत्यंत कलात्मक व संयत असून ते प्रेक्षकांना अंतर्मुख करते.’ दुसरा : ‘ओनोमिचीच्या खोलीची जी चौकट आपण आरंभी पाहिली, तीच अखेरीस येते. कॅमेऱ्याची जागा आणि उंची ओळखीची राहिल्यामुळे म्हाताऱ्याच्या शेजारची जागा रिकामी असल्याचे कोणी न सांगता दिसते.’ पहिल्या उताऱ्यातील प्रत्येक शब्द आदराचा आहे, परंतु तो लिहिण्यासाठी चित्रपट पाहण्याचीही आवश्यकता नव्हती. दुसऱ्यात एकही विशेषण प्रशंसेचे नाही. परीक्षक गुण कोणाला देईल हे सांगायला नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसरा उतारा लिहिणाऱ्याने काहीतरी पाहिले आहे.

पारिभाषिक शब्दांचा धाक बाळगू नये. ‘ट्रॅकिंग’ आणि ‘पॅन’ यांतला फरक – पहिल्यात कॅमेरा जागा सोडून सरकतो, दुसऱ्यात जागेवरच मान वळविल्यासारखा वळतो – लक्षात ठेवला तर उत्तमच. तो ऐनवेळी आठवला नाही, तर ‘कॅमेरा भिंतीच्या कडेने सरकतो’ असे साध्या मराठीत लिहावे. नेमके पाहिलेले साध्या शब्दांत लिहिणे हे न पाहिलेले पारिभाषिक शब्दांत लिहिण्यापेक्षा केव्हाही बरे.

४.९ सरावासाठी प्रश्न

फाळके आणि ओझू यांच्या चित्रचौकटीतील स्थिरतेची तुलना प्रत्येकी एका दृश्याच्या आधारे करा (सुमारे 400 शब्द). ‘उगेत्सु’तील गेंजुरोच्या घरवापसीचे दृश्य फाळक्यांच्या पद्धतीने, म्हणजे स्थिर कॅमेरा मधेच थांबवून चित्रित केले असते, तर त्याचा परिणाम कसा बदलला असता? (सुमारे 250 शब्द). तुमच्या आवडीच्या एका मराठी चित्रपटातील असे दृश्य निवडा, जेथे पात्र बाहेर गेल्यावरही कॅमेरा जागेवरच थांबतो, आणि त्याचे रसग्रहण करा.

४.१० उपक्रम

आपल्या घरातील, जेथे कुटुंबातील माणसे नित्य बसतात अशी एक जागा निवडा. भ्रमणध्वनी जमिनीपासून वीतभर उंचीवर, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून, हलणार नाही असा ठेवा. घरातील व्यक्तींची संमती घेऊन सकाळी, दुपारी आणि रात्री त्याच जागेवरून एकेक मिनिटाचे चित्रण करा. कोणालाही कॅमेऱ्याकडे पाहण्यास किंवा काही करून दाखविण्यास सांगू नका. तिन्ही चित्रणे लागोपाठ, आवाज बंद करून पाहा. कोणती वस्तू जागची हलली, कोण आले, कोण उठून गेले आणि त्यानंतर किती वेळ ती जागा तशीच राहिली, याची नोंद सुमारे एक पानभर करा. ही नोंद पुढील संपर्कसत्राला येताना सोबत आणावी.